ठणठणीत कानांची चौकशी

डेपोत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बस गेटातून आत येण्याआधी, नुसत्या आवाजावरून ती कुठली आणि तिचं काय दुखतंय हे तो सांगायचा. "हिचा पट्टा सैल झालाय बघा," असं चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचा. कधी बरोबर निघायचं, कधी साफ चुकायचं. चुकलेलं तो स्वतः विसरायचा आणि दुसऱ्यांनाही विसरायला लावायचा. उभा जन्म स्टिअरिंगवर गेला, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण कानांचा तोरा काही उतरला नाही.

त्याच्या गाडीवरचा कंडक्टर म्हणजे बारकू. हे नाव त्याला कुठल्या वात्रट माणसाने दिलं देव जाणे, कारण सीटांमधून जाताना बारकू आडवा व्हायचा आणि आडवा झाला तरी तेवढाच भरायचा. वयाने लहान म्हणून तो कानसेनला दादा म्हणायचा, आणि दादा म्हणत म्हणतच कडाकडा भांडायचा. दोघं इतकी वर्षं एकाच मार्गावर फिरत होते की एक एकटा दिसला तर रोजचे प्रवासी दुसऱ्याची तब्येत विचारत.

गाडीत मात्र दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे. हा पुढे केबिनमध्ये, तो मागच्या दाराशी आणि मधे माणसांची भिंत. त्यामुळे बोलणं सगळं बेलवर. छताखालून दोरी गेलेली. मागे ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजते. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सगळ्यांचंच. ह्या दोघांनी त्यात घरची भर घातली होती. दोन बेलच्या मागे एक हलकी टिचकी म्हणजे 'पुढच्या स्टॉपपर्यंत कुणी उतरत नाही, हाण बिनधास्त'. आणि लागोपाठ खणखण वाजायला लागली की 'पायरीवर कुणीतरी आहे, हलशील तर याद राख'. नवे ड्रायव्हर ह्याला चेष्टा समजत. ह्या दोघांच्या गाडीतून उतरताना मात्र कधी कुणाचा पाय मुरगळला नव्हता.

मग कंपनीने ड्रायव्हरांच्या कानात बोंडूक घातलं. त्याचं खरं नाव हेडसेट, पण डेपोत सगळे बोंडूकच म्हणत. कंट्रोल रूममध्ये काचेआड बसलेली माणसं भिंतीवरच्या नकाशात गाड्यांचे ठिपके बघणार आणि ठिपका रेंगाळला की ड्रायव्हरला विचारणार: कुठे आहात, उशीर का, किती वेळात पोचाल? ड्रायव्हरने ताबडतोब उत्तर द्यायचं. 'ताबडतोब' हा शब्द नोटिशीत जाड अक्षरात छापला होता. गंमत बघा, गाडी चालवताना मोबाइलवर बोलला म्हणून ह्याच कंपनीने एका ड्रायव्हरला घरी बसवलं होतं. म्हणजे बायकोशी बोललं तर गुन्हा आणि साहेबाशी बोललं तर कर्तव्य. ह्या मंडळींना हे असं लिहिताना हसू कसं येत नाही, हेच कळत नाही.

बाकीचे ड्रायव्हर कुरकुरले. कानसेन कुरकुरला नाही. उलट छाती काढून म्हणाला, "मला दोन कान आहेत. एकात साहेब, एकात बेल. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा." बारकू तेवढ्यात म्हणालाच, "दादा, कान दोन आहेत, पण डोकं एकच आहे ना?" सगळे हसले. कानसेनही हसला.

ती संध्याकाळची वेळ होती. दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. बारकूने दोन बेल दिल्या. कानसेनने गियर टाकला आणि आरशात बघितलं. मागून एक ट्रक अंगावर आल्यासारखा येत होता, पुढे एक रिकामी हातगाडी अर्ध्या रस्त्यात सोडलेली. त्या फटीतून गाडी काढायची होती. नेमकं तेव्हाच कानात बोंडूक बोललं: "तुम्ही मागे पडलाय. कारण काय? पुढच्या चौकात किती वेळात पोचाल?" कानसेन हिशोब करत बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याने गाडी काढली.

मागे पायरीवर एक वयस्क बाई होत्या. नवऱ्याचा डबा घेऊन रोज दवाखान्यात जायच्या. त्यांना सीटवरून उठायला उशीर झाला होता, दोन बेल झाल्यावर त्या पायरीवर आल्या होत्या, हातात पिशवी होती, एक पाय खाली होता. गाडी हलली, आणि त्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं.

आरडाओरडा झाला तेव्हा कुठे गाडी थांबली. कानसेन धावत मागे आला, तर बारकू बाईंचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसलेला. त्याने वर बघितलं आणि ओरडला, "बेल ऐकू येत नाही का तुला? हात निखळेपर्यंत ओढली दोरी!"

"कधी?" कानसेन म्हणाला. "दोन बेल दिल्यास. त्यानंतर काहीच नाही."

"काहीच नाही? दादा, खणखण वाजवत होतो!"

"खोटं बोलू नकोस बारकू. माझ्या डोक्यावर घंटी आहे, आणि माझे कान तुला माहितीयत."

बाई कण्हत होत्या, गर्दी जमली होती, आणि हे दोघं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना खोटं पाडत होते. नंतर ह्या गोष्टीची कानसेनला फार लाज वाटली. त्या वेळी वाटला तो संताप, आणि तो खराखुरा होता. इतक्या वर्षांच्या जोडीदाराने स्वतःची कातडी वाचवायला आपल्याला खड्ड्यात ढकलावं, ह्यापेक्षा मोठा दगा कुठला?

प्रवाशांना विचारलं, तर कुणी म्हणे बेल वाजली, कुणी म्हणे नाही वाजली, आणि बहुतेकांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जो तो आपल्या फोनमध्ये होता. बाईंना फक्त पायरीची कड आठवत होती. मेकॅनिकने घंटी तपासली. ती सुरेख वाजत होती.

चौकशी करणारे साहेब गोड बोलणारे होते. साखर पेरल्यासारखं बोलायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. घंटी चांगली आहे, हे आपल्याला कळलं. आता तुमचे कान तपासू. कान खराब निघाले तर दोष तुमचा, तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल. कान चांगले निघाले तर बेल वाजलीच नाही, मग दोष कंडक्टरचा, आणि त्याला काढावं लागेल. आहे की नाही साधा हिशोब?"

हिशोब साधाच होता. कानसेनलाही तो पटला. त्याच्याइतकी स्वतःच्या कानांची खात्री जगात कुणाला होती? निकाल लागेपर्यंत बारकूला घरी बसवलं. जाताना बारकूने डेपोच्या गेटात त्याला गाठलं. ह्या वेळी तो ओरडला नाही. "दादा, मला काढतील," एवढंच म्हणाला. "हे काम सोडून मला दुसरं काही येत नाही." कानसेन तोंड फिरवून निघून गेला.

कान तपासायला तो बायकोला घेऊन गेला. खरं तर साक्षीला. कान कसे निघतात हे तिनेही बघावं अशी त्याची इच्छा होती, कारण घरी तीच म्हणायची, "ह्यांना हाका मारून घसा बसला माझा."

कानांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळसोट. त्यांनी त्याला गादीच्या भिंती असलेल्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. बारीक बीप ऐकू आला की हात वर करायचा. कानसेन डोळे मिटून, श्वास रोखून बसला आणि एकूण एक बीप त्याने टिपला. मुंगीच्या पावलाएवढे बीपसुद्धा.

"ह्या वयात असे कान म्हणजे कमाल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी ठणठणीत."

कानसेनने विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. "ऐकलंस? आता एवढंच लिहून द्या बाई, की बेल वाजली असती तर मला ऐकू आली असती. माझं काम झालं."

"ते मी नाही देऊ शकत."

"म्हणजे?"

"तुम्ही डोळे मिटून, सगळं सोडून, नुसती वाट बघत बसला होतात, तेव्हा कान किती ऐकतात ते मी मोजलं. बस चालवताना तुम्ही असेच बसता का?"

कानसेनचा पारा चढला. कान ठणठणीत म्हणायचं आणि वर ऐकू येत नाही म्हणायचं, ही कुठली डॉक्टरी? तो तसं म्हणालाही. बाई रागावल्या नाहीत. "थोडा वेळ आहे ना? मग आणखी एक खेळ करू. तुमच्या मिसेसना इथेच बसू दे."

त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर रंगीत अक्षरं भराभर येऊन जात होती. लाल अक्षर उलटं आलं की बटण दाबायचं. शिवाय बाई प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं द्यायची. आणि मधे बीप ऐकू आला तर नुसतं 'वाजला' म्हणायचं.

"तुमच्या मार्गावरचे स्टॉप शेवटापासून उलटे सांगा," बाई म्हणाल्या. कानसेन सांगायला लागला. डोळे पडद्यावर, बोट बटणावर, तोंडाने स्टॉप. बाई मधेच विचारत, "तिथून बाजारापर्यंत किती वेळ लागतो? आणि गर्दी असेल तर?" त्याला घाम फुटला, पण त्याने बाजी मारली. लाल अक्षरं जवळजवळ सगळी पकडली, स्टॉपही एखाददुसराच चुकला.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि बीप?"

"बीप दिलाच नाहीत की तुम्ही. मी वाट बघत होतो."

 बाईंनी त्याच्या बायकोकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती.

"वाजला हो," ती म्हणाली. "चांगला मोठ्याने वाजला. सारखा वाजत होता. मला वाटलं, तुम्ही का बोलत नाही?"

"तू गप्प बस. तुला काय कळतंय ह्यातलं?"

"ह्यात कळायचंय काय? मी इथे बसून ऐकला. मी कशाला खोटं बोलू?"

कानसेन पुन्हा डाफरायला गेला आणि मधेच थांबला. ही बाई त्याच्याशी हजार गोष्टींवरून भांडली होती, पण उभ्या संसारात खोटं बोलली नव्हती. आणि त्याने नेमकं तेच तिच्या तोंडावर मारलं होतं, जे रस्त्यात बारकूच्या तोंडावर मारलं होतं. जे मला ऐकू आलं नाही, ते वाजलंच नाही.

"पण बाई, मी लक्ष देऊन बसलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

"होतात ना. म्हणूनच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बघा, कान काही निवडत नाही. जे येईल ते सगळं आत पाठवतो. ऐकू येणं हे पुढचं काम, ते मेंदूचं. आणि मेंदूची पुंजी ठरलेली आहे. बघण्याला वेगळी आणि ऐकण्याला वेगळी, असं नाही. बरीचशी एकाच पिशवीतली. डोळ्यांना अवघड काम दिलं, वर डोक्याला हिशोब दिला, की पिशवी रिकामी. मग कानाने आणलेला आवाज दारातच राहतो. तो तुम्ही ऐकून विसरता असं नाही. तो तुमच्यासाठी वाजतच नाही."

"मग कळायला नको का, की काहीतरी राहून गेलं?"

"कसं कळणार? दिसलं नाही तर अंधार तरी दिसतो. न ऐकलेल्या आवाजाची जागा रिकामीसुद्धा वाटत नाही."

"आणि हे टीव्हीसमोर बसले की मी बोललेलं..." बायकोने सुरुवात केली.

"ते थोडं वेगळं," बाई हसून म्हणाल्या. "तिथे लक्ष कुठे द्यायचं ते ह्यांच्या हातात असतं."

कानसेनला हसू आलं नाही. घरी जाताना तो बायकोच्या चार पावलं पुढे चालत राहिला. आधी त्याला डॉक्टरीणबाईंचा राग आला: सुखाने सुटत होतो, कशाला हिने हा खेळ मांडला? मग स्वतःच्या कानांचा आला, ज्यांच्या जोरावर जन्मभर मिरवलं. आणि मग त्याला ते वाक्य आठवलं, 'किती वेळात पोचाल?' दोन गाड्यांच्या फटीतून माणसांनी भरलेली बस काढणाऱ्याला कुणी हे विचारतं? ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या कानात कुणी बाजाराची यादी वाचतं का? आतापर्यंत सगळ्यांनी बेलची चौकशी केली, कानांची केली, बारकूची केली. कानात कोण बोलत होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःही नाही. ह्याची आग त्याच्या तळपायापासून मस्तकापर्यंत गेली.

बायकोला घरी सोडून तो थेट बारकूच्या घरी गेला. दार वहिनींनी उघडलं. नेहमी "या भाऊजी" म्हणणाऱ्या वहिनी दारातून बाजूला झाल्या, एवढंच. बारकू आत खाटेवर बसला होता. सवयीने टापटीप, पण बाह्या दुमडलेल्या आणि दाढी वाढलेली.

"तू बेल मारलीस," कानसेन उभ्या उभ्याच म्हणाला.

बारकूने मान वर केली. "हे मला सांगायला आलास? मला माहीत नाही का मी मारली ते? तिकडे सांग ना जाऊन."

"सांगणार आहे."

"सांगितलंस तर तुला उतरवतील दादा."

"उतरवू देत."

 मग बारकूचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणी खोटा म्हटलं असतं तर चाललं असतं मला. तू म्हणालास. भर रस्त्यात." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी चहा ठेवला नाही. कानसेननेही मागितला नाही.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी हसून स्वागत केलं. "अभिनंदन! कान उत्तम. आता प्रश्नच मिटला."

"मिटला नाही साहेब. बेल वाजली होती. बारकूने मारली होती. मला ऐकू आली नाही."

साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं. "कान चांगले आहेत आणि ऐकू आली नाही? हे कसं शक्य आहे? तुम्ही मित्राला वाचवायला बघताय. तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

कानसेनने बीपचा खेळ सांगितला, जमेल तसा. साहेबांनी तो घड्याळाकडे बघत ऐकला. शेवटी त्यांनी हात जोडले. "म्हणजे थोडक्यात, तुमचं लक्ष नव्हतं. असंच लिहू ना?"

तेव्हा मात्र कानसेनचा बांध फुटला. "लक्ष नव्हतं? लक्ष होतं साहेब! तुमच्याकडे होतं! ट्रक अंगावर येत होता, तुमचा माणूस कानात विचारत होता, आणि उत्तर ताबडतोब द्यायचं होतं. जाड अक्षरात तुम्हीच छापलंय. दिलं मी ताबडतोब! त्या बाई पडल्या तेव्हा मी तुमच्या सेवेत होतो. हे लिहा."

ते अर्थातच लिहिलं गेलं नाही. 'ड्रायव्हरने निष्काळजीपणा कबूल केला' एवढं लिहिलं गेलं. बारकू कामावर परत आला, आणि कानसेनला गाडीवरून उतरवलं. बोंडूक जागच्या जागी राहिलं. कंपनीने सुधारणा म्हणून काय केलं असेल? सगळ्या गाड्यांच्या घंट्या बदलून मोठ्या आवाजाच्या बसवल्या. म्हणजे आवाज दारातच राहतो, तर दार उघडायचं सोडून पाहुण्यालाच जाडा केला.

आणि कानसेनला बसवलं कुठे, तर कंट्रोल रूममध्ये. मार्ग पाठ आहेत, कान ठणठणीत आहेत, इथे उपयोग होईल, असं साहेबांचं मत. काचेआड, गार हवेत, भिंतीवरच्या ठिपक्यांसमोर. ठिपका रेंगाळला की विचारायचं.

तो विचारायचा. पण पहिला प्रश्न त्याचा ठरलेला: "गाडी उभी आहे का?" नाही म्हटलं की, "मग उभी राहिली की बोल, मी थांबतो," आणि गप्प. ड्रायव्हरांना आधी विश्वास बसेना. मग ते त्याच्याशीच बोलायला बघू लागले. बारकूच्या नव्या ड्रायव्हरने त्याला एकदा सांगितलं, "बारकूदादा तुम्हाला शिव्या देतात, पण दुसऱ्या कुणी दिलेल्या ऐकून घेत नाहीत." कानसेनला ते पुरेसं होतं.

हे किती दिवस चालणार? कंट्रोल रूमच्या प्रमुखाने एक दिवस त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तुमच्या टेबलावर ठिपके लाल होऊन बसतात आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बघत राहता! गाडी उभी राहायची वाट बघायला तुम्हाला इथे बसवलंय का? चालू गाडीत विचारायचं. आत्ताच्या आत्ता विचारा."

 कानसेनने नकाशाकडे बघितलं. दवाखान्याच्या स्टॉपवरून एक ठिपका नुकता हलला होता. त्याने कानातलं बोंडूक काढलं, वायर नीट गुंडाळली आणि प्रमुखाच्या हातात दिलं.

"तुम्हीच विचारा साहेब," तो म्हणाला. "फक्त पुढच्या वेळी कुणी पायरीवरून पडलं ना, तर ड्रायव्हरचे कान तपासायला पाठवू नका. आधी तुमची जीभ तपासून घ्या."